तुम्हाला हे म्हणायचं होतं का?

सोमवार, ३ मार्च

आज बाईंचा वर्ग बुडाला.

बाई म्हणजे ह्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. मेंदूचा झटका येऊन गेल्यावर ह्यांचे हातपाय बऱ्यापैकी वळणावर आले, शब्द मात्र मागेच राहिले. डोक्यात सगळं असतं, तोंडापर्यंत पोचत नाही. या माणसाने उभी हयात शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी चालवायला शिकवली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. आता "हळू", "ब्रेक" आणि "आरसा" एवढंच हाताशी उरलंय. चहा गरम लागला की "ब्रेक". मी चिडले की "हळू". तेवढं मात्र अचूक जागी पडतं.

वर्ग कॉम्प्युटरवर भरतो. बाईंची अट अशी की दवाखान्याच्या साइटचा पत्ता ह्यांनी स्वतः टाइप करायचा, डाव्या हाताने, एकेक अक्षर बघून. तोही व्यायामच. त्या साइटचं नाव नुकतंच बदललं. नवीन पत्ता मी जाड पेनाने कागदावर लिहून पडद्याच्या डाव्या बाजूला चिकटवला, कारण उजवीकडचं ह्यांना नीट दिसत नाही.

आज ह्यांनी टाइप केलं आणि भलतंच पान उघडलं. वर आमच्या इंटरनेट कंपनीचं चिन्ह, खाली गाद्यांच्या आणि केसांच्या तेलाच्या जाहिराती, आणि मधोमध ठळक अक्षरांत, "तुम्ही टाकलेला पत्ता चुकीचा आहे. तुम्हाला हे म्हणायचं होतं का?"

ह्यांनी खोडून पुन्हा टाइप केलं. तेच पान. परत खोडलं. तेच. कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "अहो, एखादं अक्षर सुटत असेल. द्या इकडे." तर कीबोर्ड माझ्याकडे ढकलला आणि उठून आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात बाईंचाच फोन आला. मी सांगितलं, आज ह्यांचं लक्ष नाही.

बुधवार, ५ मार्च

आजही तसंच. ह्यांनी एकदाच टाइप केलं, ते पान आलं, आणि पडदाच बंद करून टाकला.

मग मी बसले. चष्मा पुसला आणि कागदावर बोट ठेवून अक्षर अक्षर टाकलं. गादी आणि तेल! मीसुद्धा चुकले? परत टाकलं. परत गादी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की घोळ टाइप करण्यात नाहीच.

मोबाइल घेऊन बाल्कनीत गेले. तिथे घरचं वायफाय पोचत नाही, मोबाइलचंच नेट चालतं. तोच पत्ता टाकला तर दवाखान्याचं पान लख्ख उघडलं. आत येऊन वायफायवर टाकला, तर गादी. पुन्हा बाल्कनीत, पुन्हा दवाखाना. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं असेल, हिला काय झालंय.

मोबाइलवर वर्ग घ्यावा म्हटलं तर बाल्कनीत वाहनांचा गोंगाट, आणि तेवढ्याशा पडद्यावर ह्यांना बाईंचा निम्मा चेहरा दिसणार. ओठांची हालचाल बघूनच तर ते शिकतात. ते काही जमायचं नाही.

ह्यांना सांगायला आत गेले, तर डोळे मिटून पडले होते. असो. या तांत्रिक भानगडी त्यांच्या मागे कशाला लावायच्या!

गुरुवार, ६ मार्च

कंपनीच्या तक्रार विभागाला फोन. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड.

"मॅडम, वायफायचा बॉक्स बंद करून चालू करा."

"केला."

"आमच्याकडून तुमची लाइन हिरवी दिसतेय, मॅडम."

"अगं, लाइन हिरवी आहे म्हणूनच ते गादीचं पान येतंय ना! मला हवं ते पान का येत नाही, ते सांग."

"पत्ता बरोबर टाकताय ना, मॅडम?"

मी फोन ठेवला. वाईट वाटलं नंतर. तिचा काय दोष?

शुक्रवार, ७ मार्च

लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. तिने तिथे बसून माझा पडदा उघडला. माझा बाण माझ्या डोळ्यांदेखत आपोआप इकडेतिकडे पळायला लागला. मी म्हणते, "अगं, मी परवा बाल्कनीत…" तर ही, "कळलं कळलं, थांब." मी म्हणते, "पण मोबाइलवर…" तर ही, "हो आई, मला माहितीये." एक वाक्य माझं पुरं होऊ देईल तर शपथ!

मग मात्र तिने समजावून सांगितलं, आणि मला ते इतकं पटकन समजलं की तीच चाट पडली. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकलं की तो आधी कुठल्यातरी चौकशी खिडकीला विचारतो, या नावाचा नंबर काय. त्या खिडकीला म्हणतात डीएनएस.

मी म्हटलं, "अगं, हे तर माझं काम!"

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीवर अख्खी नोकरी झाली माझी. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायची. आणि मी सगळ्यांत जलद. समोरच्याने पहिली दोन अक्षरं उच्चारली की माझं बोट नोंदीवर गेलेलं असायचं. लोक म्हणायचे, बाई, तुम्हाला आमच्या मनातलं कळतं का? पण नंबर नसला तर आम्ही "नाही" म्हणायचो. नसलेल्या माणसाच्या जागी आपल्या ओळखीच्या दुकानाचा नंबर देणं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

लेकीने मागच्या भेटीतच आमच्या बॉक्समध्ये कंपनीची चौकशी काढून दुसरी टाकली होती. ह्यांचा हात "अभिनंदन, तुम्ही जिंकलात" असल्या जाहिरातींवर पडायला लागला होता. तिने निवडलेली खिडकी असली नावं दारातच अडवते. ते आकडे बॉक्समध्ये जागच्या जागी होते. तरी उत्तर कंपनीचं कसं येतंय?

मग तिने गंमत केली. आज्ञा टाइप करायच्या काळ्या चौकटीत एक वेडंवाकडं, जगात नसलेलं नाव टाकून नंबर विचारला. "नाही" यायला हवं होतं. आला कंपनीच्या जाहिरातीचा नंबर. मग तिने अशा पत्त्यावर चौकशी केली, जिथे कुणी बसतच नाही. तिथून तर काहीच यायला नको. तिथूनही उत्तर आलं! रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारला आणि खुर्ची बोलली.

"म्हणजे आई, तू कुणालाही विचार, वाटेत कंपनीच प्रश्न पकडते आणि दुसऱ्याच्या नावाने स्वतःच उत्तर देते. आणि दवाखान्याचं नवीन नाव त्यांच्या यादीत अजून चढलेलं नाही, म्हणून तुला गादी."

रागाने माझे कान तापले. या नादात गॅसवरचं दूध पार करपलं. पातेलं घासता घासता तशीच स्टुलावर बसले, तर तिथेच डुलकी लागली.

सोमवार, १० मार्च

कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, घामाघूम, पाठीवर पिशवी. बॉक्स बघून म्हणाला, "काकू, तुम्ही बाहेरचे आकडे टाकलेत ना, म्हणून होतंय." आणि मी हां हां म्हणेपर्यंत काडीने मागचं बटण दाबून सगळं मूळपदावर आणलं. लेकीची मांडणी पुसली गेली. मग मी त्याला पत्ता टाकून दाखवला. गादी. त्याने स्वतः टाकला. तेल.

बिचारा डोकं खाजवत बसला. ऑफिसात फोन केला, दोनदा "हो साहेब" म्हणाला आणि फोन ठेवून कसनुसं हसला. "काकू, हे वरून सगळ्यांनाच चालू केलंय. माझ्या हातात काही नाही. काम झालं म्हणून सही देऊ नका तुम्ही."

प्रामाणिक वाटला. पाणी दिलं.

तो खाली गेला आणि गाडी मागे घ्यायला लागला. हे खिडकीत उभे होते. एकदम ओरडले, "ब्रेक! ब्रेक! आरसा!" इतका मोठा आवाज किती दिवसांनी! गाडी गचकन थांबली. मागे कुणाची तरी सायकल आडवी पडलेली होती. तो उतरून वर बघून म्हणाला, "काका, वाचवलंत! कुठे शिकलात?" ह्यांनी तोंड उघडलं. मीच वरून सांगितलं, "अहो, ड्रायव्हिंग स्कूल होतं त्यांचं. निम्म्या गावाला शिकवलंय." तो हात करून गेला.

हे खिडकीतून लगेच आत आले. मला वाटलं होतं, खुशीत असतील.

बुधवार, १२ मार्च

बाईंचा फोन. वर्ग थांबलाय तर घरी सराव चालू ठेवा, म्हणाल्या. हे दिवस फार मोलाचे आहेत, आत्ता जे परत येईल ते येईल. मी सांगितलं, सराव रोज घेते. चित्रांचे पत्ते समोर ठेवते. पण हल्ली हे बोलतच नाहीत. काल सगळी चित्रं उलटी करून ठेवली.

"काकू, चित्र दाखवल्यावर तुम्ही किती थांबता?"

"थांबायचं कशाला? त्यांना शब्द सुचत नाही म्हटल्यावर मी सांगते."

बाई म्हणाल्या, "मनात दहापर्यंत मोजून बघा."

दहापर्यंत! चौकशीवर कुणी दहापर्यंत मोजत बसलं असतं, तर संध्याकाळी घरी पाठवलं असतं. माणूस समोर तळमळतोय आणि आपण आकडे मोजायचे? बाई शिकलेल्या आहेत, वयाने लेकीएवढ्या, गुणी आहेत, पण त्यांचा नवरा असा गप्प झालेला नाही.

"काका काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"ते काय म्हणणार?"

दिवसभर हे वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत काहीतरी गिरवत असतात, डाव्या हाताने. डोकावून पाहिलं, तर बाईंच्या साइटचा पत्ता. कागदाकडे बघायचं, लिहायचं, परत कागदाकडे बघून अक्षरांवरून बोट फिरवायचं. वर्गाची आठवण येत असेल. बोटं दुखतील म्हणून मी पेन काढून घेतलं.

गुरुवार, १३ मार्च

कंपनीचा संदेश आला, "तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे." कुणाचं समाधान झालं, ते लिहिलेलं नाही.

पुन्हा फोन. योगायोगाने तीच मुलगी. मी म्हटलं, "बाळ, त्या दिवशी मी फोन आपटला, मनावर घेऊ नकोस. मीसुद्धा तुझ्यासारखीच कानाला यंत्र लावून नोकरी केली. एक सांग, कुणी तुला नसलेला नंबर विचारला तर तू काय सांगशील?"

"नाही म्हणून सांगेन, मॅडम."

"मग तुझी कंपनी काय करते?" आणि सगळं सांगितलं. वेडंवाकडं नाव, रिकामी खुर्ची, गादी, तेल. ह्यांचा वर्ग. म्हटलं, "बोलायला शिकणाऱ्या माणसाला तुम्ही 'तू चुकलास' म्हणून सांगताय गं, आणि चूक तुमची."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला समोर लिहिलेलंच बोलायची परवानगी आहे. पण तुमचं ऐकून मला लिहिता येतं. पुन्हा सांगा, सावकाश. शब्दन् शब्द टिपते आणि वर पाठवते."

सांगितलं. मध्ये एकदाही तिने मला तोडलं नाही. फोन ठेवल्यावर उगाच डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवार, १४ मार्च

कंपनीची वाट कुठवर बघायची? लेकीबरोबर पुन्हा बसले. आधी बॉक्स सोडून थेट कॉम्प्युटरमध्येच दुसऱ्या चौकशीचे आकडे टाकून पाहिले. उपयोग शून्य. ती म्हणाली, आपले प्रश्न उघड्या पोस्टकार्डावर जातात, नाक्यावर कंपनी वाचते आणि उत्तर ठोकून देते. आता प्रश्न बंद पाकिटात घालून पाठवायचे. पाकीट कंपनीला फोडता येत नाही. त्याची सोय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असते, सुरक्षित डीएनएस नावाची.

बाण पुन्हा आपोआप पळायला लागला. इथे उघड, तिथे बंद. मला काही दिसेना, कळेना. मी शेवटी ओरडलेच, "तू हात काढ आधी! माझं घर आहे, माझा कॉम्प्युटर आहे. मी शोधते. चुकले तर चुकले, पण मला करू दे!"

मी एकेक ओळ वाचत गेले. दोनदा भलतीकडे शिरले, परत आले. ती एक अक्षर बोलली नाही. शेवटी गोपनीयतेच्या पानावर, अगदी तळाशी सापडलं. तिने सांगितलेली चौकशी निवडली, बटण सरकवलं. पत्ता टाकला.

दवाखाना!

मी इतक्या जोरात टाळी वाजवली की हे दारात येऊन बघून गेले. फोनवर लेक रडत होती की हसत होती, कळेना. म्हणाली, "सॉरी आई. मी तिथे नसते ना, म्हणून फोनवर मिळेल तेवढ्या वेळात सगळं घाईघाईने करून टाकावंसं वाटतं. वाटतं, तेवढंच माझ्या हातून होतं."

वेडी! तिला काय वाटतं, मला तिचं करणं नको असतं? मला फक्त स्वतःहून शोधायचं होतं. एवढं साधं तिला कसं कळत नाही?

सोमवार, १७ मार्च

आज वर्ग होता. हे खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. कीबोर्डकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, "अहो, आता उघडतं ते. कंपनीनेच घोळ घातला होता. वाटेत बसून भलतंच उत्तर देत होते मेले. किती दिवस त्यांच्याशी भांडतेय मी!"

ते माझ्याकडे बघत राहिले. असे, की मी काहीतरी परक्या भाषेत बोलले. मग सावकाश येऊन बसले. डावं बोट पुढे केलं. कागद, अक्षर. कागद, अक्षर. शेवटचं बटण दाबण्याआधी पुन्हा एकदा कागद पाहिला.

पडद्यावर बाई.

"काका! किती दिवसांनी! काय झालं होतं हो?"

मी खुर्चीमागून सुरुवात केली, "अगं, ती कंपनी आहे ना, तिने…"

"थांब गं."

मला वाटलं, बाई बोलल्या. पण आवाज ह्यांचा होता. डावा हात वर केलेला. "थांब" तर नवीन होतंच, पण त्यातला तो "गं"! झटक्यानंतर पहिल्यांदा ऐकला मी तो.

मी थांबले. बाई पलीकडे हात मांडीवर ठेवून बसलेल्या. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ह्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. माझ्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. मी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"मी," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "ब… बरोबर." पुन्हा तेवढाच वेळ. "लिहिलं. होतं."

बाई म्हणाल्या, "हो काका, अगदी बरोबर लिहिलं होतंत."

पण ते बाईंकडे बघतच नव्हते. वळून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो. बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं." मग तोंडातून निघालं, "मला बुधवारीच कळलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

राहिलं! बारा दिवस कंपनीला सांगितलं, लेकीला सांगितलं, त्या तक्रारवाल्या मुलीला दोनदा सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि पडद्याकडे वळले. वर्ग पुरा केला. मी आत जाऊन बसले.

गुरुवार, २० मार्च

तक्रार विभागातल्या मुलीचा फोन. "मॅडम, तुमच्या लाइनवरचं ते पान बंद केलंय. दवाखान्याचं नावही चढलंय."

"आणि बाकीच्यांचं?"

"तक्रार आली तर करतील, मॅडम."

"मग येतील तक्रारी," मी म्हटलं. ती हसली. लिहिलेलं नव्हतं ते, तिचं स्वतःचं हसू. जिन्यात भेटेल त्याला सांगायला सुरुवात केलीय. पाकिटाची सोय मात्र तशीच ठेवलीय. कंपनीवर विश्वास बसायला वेळ लागेल.

दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ख…"

खुर्ची. खिडकी. खोकल्याचं औषध. तीन शब्द एका दमात ओठांवर आले. एकही बाहेर सोडला नाही. हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. मनात मोजायला लागले. दहा होऊन गेले, तरी ओठ नुसतेच हलत होते. मी पुढे मोजत राहिले.

"खूप," ते म्हणाले. मग माझ्या हातातली चादर काढून घेतली आणि खाटेवर टाकली.

"खूप… दमलीस."

तिन्हींतलं एकही नव्हतं.

मी खाटेच्या कडेवर बसले. तेही शेजारी बसले, माझ्या डाव्या बाजूला, शेजारच्या सीटवर बसल्यासारखे. घड्या घालायचे कपडे अजून तसेच पडलेत.